लछमियाच्या हातचे पाणी

काही वर्षांपूर्वी विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत एका सहप्रवाशाशी आमची गाठ पडली. गृहस्थ सुशिक्षित, सौजन्यशील आणि वाचनाचा व्यासंग असलेले. वसईपासून अंधेरीपर्यंत तुकोबांच्या अभंगांवर मनसोक्त बोलणे झाले. उतरण्याची वेळ आली तेव्हा एकमेकांची नावे विचारली गेली. आमचे नाव ऐकून ते क्षणभर थबकले आणि मग अगदी मनापासून म्हणाले, "वा! ख्रिश्चन असून तुमचे मराठी इतके चांगले!" त्या उद्गारात तिळमात्र कुत्सितपणा नव्हता. त्यामुळेच त्याला उत्तर देणे अवघड होते. निंदेला उत्तर देता येते. कौतुकात दडलेल्या 'असून' या तीन अक्षरी शब्दाला काय उत्तर द्यावे?

आमच्या वाचकांपैकी अनेकांना हा 'असून' केव्हा ना केव्हा भेटला असेल. १५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा मिस्सा आटोपून आपण चर्चच्या आवारात ध्वजवंदनाला उभे राहतो. सण आणि राष्ट्रदिन यांची ती सांगड आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. आणि तरीही उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या, बायबल सुबोध मराठीत आणलेल्या त्या लेखकाच्या निवडीवर केवळ तो ख्रिस्ती धर्मगुरू आहे म्हणून आक्षेप घेणारे निघालेच. जानेवारी २०२० मधील ते संमेलन पार पडले, फादर २०२४ मध्ये देवाघरी गेले, पण प्रश्न मागे उरलाच आहे. देश कुणाचा? जन्माने ठरते ते, आचाराने ठरते ते, की प्रेमाने ठरते ते?

हा प्रश्न ज्या भारतीय कादंबरीने सर्वांत खोल जाऊन विचारला, ती रवींद्रनाथांची 'गोरा' होय, असे आमचे मत आहे. या कादंबरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तरीही तिच्यातील एका पात्राकडे कुणी फारसे लक्ष दिल्याचे आम्हांला आढळले नाही. ते पात्र म्हणजे गोराच्या घरातील ख्रिस्ती मोलकरीण, लछमिया.

'गोरा' १९०७ ते १९१० या काळात बंगाली 'प्रवासी' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९१० मध्ये ग्रंथरूपाने आली. १९०५ ची बंगालची फाळणी आणि तिच्यातून उसळलेली स्वदेशीची लाट हा लेखनकाळ. कथेतील काळ मात्र त्याच्या सुमारे पाव शतक आधीचा. कथानायक गौरमोहन ऊर्फ गोरा हा उंचापुरा, गोरापान, खणखणीत आवाजाचा तरुण. इंग्रजांच्या आणि मिशनऱ्यांच्या हेटाळणीने डिवचला जाऊन तो कट्टर आचारनिष्ठ हिंदू बनतो. देशावर प्रेम करायचे तर देशातील एकूण एक रूढींसह करावे, अशी त्याची भूमिका. त्याच्यासमोर ब्राह्मो समाजाचे परेशबाबू, त्यांची पालित कन्या सुचरिता आणि मुलगी ललिता उभी आहेत. (आपल्याकडच्या प्रार्थना समाजाचे हे बंगाली भावंड, असे समजले म्हणजे पुरे.) वादविवाद पानोपानी चालतात. हारानबाबू नावाचे एक ब्राह्मो सद्गृहस्थ तर वाद घालण्याच्या हौसेपायी वाचकाचाही अंत पाहतात. ती पाने चाळून पुढे जाणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही.

वाचकाला पहिल्या काही प्रकरणांतच एक गोष्ट समजते, जी गोराला अखेरपर्यंत ठाऊक नसते. गोरा हा कृष्णदयालांचा मुलगा नव्हे. १८५७ च्या धामधुमीत इटाव्याला त्यांच्या घरी आश्रयाला आलेल्या एका आयरिश स्त्रीने त्याला जन्म दिला आणि ती मरण पावली. बापही त्या लढ्यातच मेला होता. कृष्णदयालांची निपुत्रिक पत्नी आनंदमयी हिने ते मूल पदरात घेतले आणि त्याच दिवशी सोवळेओवळे, जातपात सगळे मनातून सोडून दिले. परक्या रक्ताच्या लेकराला छातीशी धरल्यावर कुणाला अस्पर्श्य म्हणायचे? आनंदमयी काशीच्या पंडिताची नात. जे तिने सोडले ते किती मोलाचे होते, हे तिला पुरते ठाऊक होते.

आता लछमियाकडे वळू. कादंबरीच्या आरंभी गोरा आईला बजावतो की तिच्या खोलीत ती ख्रिस्ती दासी वावरते, तोवर त्या खोलीत त्याला अन्नपाणी चालणार नाही. स्वतः तर तो जेवत नाहीच, पण मित्र विनय याने आनंदमयीच्या हातचे जेवावे यालाही तो हरकत घेतो. त्यावर आनंदमयी त्याला एक जुनी आठवण देते. लहानपणी त्याला देवी आल्या होत्या, तेव्हा लछमियानेच शुश्रूषा करून त्याला वाचवले होते. ती हे कधी विसरू शकणार नाही. गोरा कृतघ्न नाही. लछमियाला पेन्शन द्यावी, जमीन घेऊन द्यावी, घर बांधून द्यावे, या सगळ्याला त्याची तयारी आहे. फक्त तिला घरात ठेवू नये आणि तिच्या हातचे पाणी पिऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे.

हा संवाद आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे. रवींद्रनाथांची सूक्ष्म दृष्टी येथे दिसते. उपकार फेडायला गोरा तयार आहे. आपलेपणा द्यायला तयार नाही. ज्या हातांनी त्याचे फोड पुसले, ते हात त्याच्या देशभक्तीच्या व्याख्येत बसत नाहीत. अल्पसंख्य समाजाला राष्ट्राकडून अनेकदा जे मिळते, ते याच जातीचे असते. तुमच्या शाळा उत्तम, तुमची इस्पितळे उत्तम, तुमच्या सिस्टरांची सेवा तर विचारूच नका! हे सारे ऐकताना आपल्याला बरे वाटते, आणि वाटावेही. परंतु लछमियाला पेन्शनीचा प्रस्ताव ऐकून काय वाटले असेल?

गोराच्या मनाला पहिला हादरा बसतो तो वादविवादाने नव्हे, तर पायी प्रवासाने. ग्रँड ट्रंक रस्ता धरून तो खेड्यांतून फिरायला निघतो, आणि ज्या भारताविषयी तो शहरात तावातावाने बोलत होता तो त्याला प्रथमच दिसतो. चर घोषपूर या गावाचे प्रकरण तर आमच्या मते कादंबरीचे हृदय आहे. नदीकाठचे हे गाव मुसलमान रयतेचे. निळीच्या मळेवाल्या साहेबाशी त्यांचा झगडा चालू आहे. त्यांचा पुढारी फरू सरदार तुरुंगात आहे आणि पोलिसांच्या जुलमाने गावात दहशत पसरली आहे. त्या गावात हिंदूंचे म्हणावे असे एकच घर, न्हाव्याचे. तहानलेला गोरा सोबत्यासह तेथे येतो तर काय दिसते? न्हावी आणि त्याची बायको यांनी फरू सरदाराचा लहान मुलगा तमीज याला घरात आणून पोटच्या पोरासारखा सांभाळले आहे. गोरा त्याबद्दल न्हाव्याला टोकतो. न्हावी फारसे तत्त्वज्ञान सांगत नाही. आम्ही हरी म्हणतो, ते अल्ला म्हणतात, फरक तो कितीसा, एवढाच त्याच्या बोलण्याचा मथितार्थ.

सोबत्याला आता पेच पडतो. या बाटलेल्या घरचे पाणी कसे प्यावे? कोस-दीड कोसावर निळीच्या कोठीचा तहसीलदार माधव चाटुज्ये याचे घर आहे. तो ब्राह्मण, तेव्हा तेथे जाऊन जेवावे हे उत्तम. पण हाच चाटुज्ये पोलिसांना घरात ठेवून रयतेला नागवीत असतो. भर उन्हात चालता चालता गोराच्या मनात प्रश्न उभा राहतो. रयतेला लुटणाऱ्या ब्राह्मणाच्या घरी आपली जात शाबूत राहणार, आणि अनाथ मुसलमान पोराला जिवापाड सांभाळणाऱ्या न्हाव्याच्या घरी ती जाणार! शुचितेला अशी बाह्य वस्तू करून ठेवण्यात केवढा अधर्म आहे, हे त्याला त्या क्षणी लखलखीत दिसते. तो चाटुज्येच्या घरचे पाणीही घेत नाही. न्हाव्याच्या घरी परत येतो, स्वतः भांडे घासून विहिरीचे पाणी काढतो आणि घरात असेल ते डाळ-तांदूळ मागून घेऊन स्वतः रांधून खातो.

'स्वतः भांडे घासून, स्वतः रांधून' हे सुज्ञ वाचकाच्या ध्यानात आले असेलच. गोरा न्हाव्याच्या घरी परतला, पण न्हाव्याच्या हातचे जेवला नाही. बुद्धीला पटले, तरी हाताला अजून पटायचे होते. येथे नायकाला एका उडीत महात्मा न करण्याचा संयम लेखकाने पाळला आहे, म्हणूनच हा प्रसंग खरा वाटतो.

गोराची व्यक्तिरेखा कुणावरून सुचली यावर बंगाली समीक्षकांनी बरीच चर्चा केली आहे. कुणी विवेकानंदांचे नाव घेतात, कुणी जन्माने आयरिश असलेल्या भगिनी निवेदितांचे. तिसरे नाव आपल्या जवळचे असून आपल्या घराघरांत फारसे ठाऊक नाही, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. ते म्हणजे ब्रह्मबांधव उपाध्याय. मूळ नाव भवानीचरण बंद्योपाध्याय, जन्म १८६१. (रवींद्रनाथही १८६१ चे आणि आपले नारायण वामन टिळकही त्याच वर्षीचे, एका वर्षाने तीन वाटा दाखवल्या म्हणायच्या.) १८९१ मध्ये ते प्रथम अँग्लिकन आणि त्याच वर्षी पुढे कॅथलिक झाले. भगवी वस्त्रे धारण करून संन्याशासारखे राहू लागले. आपल्या प्रार्थनांतून कधी कधी गायले जाणारे 'वन्दे सच्चिदानन्दम्' हे पवित्र त्रैक्याचे संस्कृत स्तोत्र त्यांचेच, १८९८ चे. समाजधर्माने आपण हिंदू आणि साधनाधर्माने कॅथलिक, ही त्यांची मांडणी त्या काळी कुणालाच पचली नाही. त्यांच्या 'सोफिया' पत्राचे वाचन करण्यास धर्माधिकाऱ्यांनीच १९०० मध्ये कॅथलिकांना मनाई केली. हे आपल्या घरातले दुखणे आहे आणि ते झाकून ठेवण्यात हशील नाही. देशाने ज्याला परका म्हणावे तो एक अन्याय. पण आपल्या देशाची भाषा बोलतो म्हणून स्वतःच्या चर्चनेच ज्याला दूर लोटावे, त्याने जावे कुठे?

१९०१ मध्ये शांतिनिकेतनातील शाळेच्या उभारणीत उपाध्याय रवींद्रनाथांच्या सोबत होते. पुढे ते जहाल राजकारणात शिरले, 'संध्या' हे दैनिक काढले, १९०७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. परक्या सरकारला जाब देण्यास आपण बांधील नाही, असे त्यांनी न्यायालयात सांगितले आणि खटला चालू असतानाच २७ ऑक्टोबर रोजी कलकत्त्याच्या कॅम्बेल इस्पितळात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी परदेशगमन आणि परक्यांशी अन्नव्यवहार यांबद्दल विधिपूर्वक प्रायश्चित्त घेतले होते. 'गोरा' मासिकातून येऊ लागली तीही याच सुमारास. कादंबरीतील गोराही न्यायालयात वकील देण्यास नकार देतो, महिनाभर तुरुंगात जातो, आणि सुटून आल्यावर समारंभपूर्वक प्रायश्चित्त घेण्याची तयारी करतो. एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणण्याचा आमचा हेतू नाही. आपण या मातीचे आहोत हे सिद्ध करण्याची तळमळ माणसाला कोणत्या टोकाला नेते, हे दोघांच्याही आयुष्यात दिसते, एवढेच. जो खरोखर घरचा आहे, त्याला प्रायश्चित्त घेऊन घरचेपणा सिद्ध करावा का लागावा?

याच काळातील आणखी एका आयरिश पोरक्या पोराची येथे आठवण होते. किपलिंगच्या १९०१ मधील 'किम' कादंबरीचा नायकही हिंदुस्थानात वाढलेला आयरिश सैनिकाचा मुलगा. लाहोरच्या गल्लीबोळांत तो हिंदू, मुसलमान, फकीर, जे व्हावे ते होऊ शकतो. पण त्याचे हे बहुरूपीपण शेवटी इंग्रज सरकारच्या हेरगिरीच्या कामी येते. किमला हिंदुस्थान पाठ आहे. गोराला तो लागला आहे. आम्हांला वाटते, दोन्ही कादंबऱ्या पाठोपाठ वाचाव्यात. मग वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज राहत नाही.

प्रायश्चित्त मात्र होत नाही. कृष्णदयाल अचानक गंभीर आजारी पडतात आणि आपले श्राद्ध करण्याचा अधिकार गोराला नाही, हे सांगण्यासाठी त्याच्या जन्माचे गुपित त्यांना उघड करावे लागते. एका क्षणात गोराची आई, बाप, देश, जात, गोत्र, देव सारे नाहीसे होते. कुठल्याही मंदिराचा दरवाजा त्याला आता उघडा नाही. दुसरा कुणी वेडा झाला असता. गोराला मात्र मुक्त झाल्यासारखे वाटते. तो परेशबाबूंकडे जाऊन सांगतो की ज्या भारतीयत्वाच्या मागे आपण धावत होतो, ते आज मिळाले. आता आपल्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा कोणत्याच समाजाशी विरोध उरला नाही. मग तो आनंदमयीकडे परततो. जिला तो बाहेर शोधत हिंडत होता, ती आई घरातच बसली होती, तीच आपला भारत, अशी त्याला जाणीव होते. आणि तो तिला म्हणतो की आता लछमियाला बोलाव, तिला एक पेला पाणी आणायला सांग.

पहिल्यांदा हा शेवट वाचला तेव्हा आमचे डोळे पाणावले होते. आजही तो प्रसंग भारतीय कादंबरीतील अत्युच्च क्षणांपैकी एक वाटतो. तथापि वय वाढले तसे त्यात काही टोचूही लागले.

एक तर गोराची सुटका फार अपघाताने होते. तो परका ठरला, म्हणून त्याला परक्यांच्या हातचे पाणी पिता आले. तो खरोखरच कृष्णदयालांचा मुलगा निघाला असता तर? चर घोषपूरच्या उन्हात जे दिसले होते, त्याच्या बळावर तो लछमियाच्या पाण्यापर्यंत पोहोचला असता का? विनयला असे कोणतेही गुपित उमगत नाही. तो ब्राह्मणच राहतो, आणि तरी केवळ प्रेमापोटी आधी आनंदमयीच्या ताटापर्यंत आणि पुढे ब्राह्मो घरातल्या ललितेशी लग्न करण्यापर्यंत जातो. त्याच्या वाट्याला गडगडाट येत नाही, नुसती घालमेल येते. आम्हांला आता गोरापेक्षा विनयच अधिक धीराचा वाटतो.

आपल्याकडे याचा पडताळा एका खऱ्या आयुष्यात मिळतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नीवर आकाश कोसळले. कित्येक वर्षे ताटातुटीत गेली. पुढे दोघे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे एकदम सुटले नाही. ते हळूहळू गळाले. भांडणांतून, विचारांतून, स्वतःचीच थट्टा करत करत गळाले, आणि १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. जन्माचे कोणतेही रहस्य त्यांच्या मदतीला आले नव्हते. एका स्त्रीने आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या घागरीपाशी, रोज थोडे थोडे करून ते अंतर तोडले. आणि ख्रिस्ती होऊन टिळक दांपत्याचा मराठीपणा उणावला, असे कुणी म्हणू शकेल काय? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत; त्या पुलावरून दोन्ही बाजूंनी ये-जा करता येते, हे 'स्मृतिचित्रे'ने दाखवले.

दुसरे टोचणारे असे की लछमिया अखेरीसही मोलकरीणच राहते. गोरा तिच्याकडे जाऊन पाणी मागत नाही. आईला सांगतो, तिला बोलाव. शोमरोनी स्त्रीची कथा आपण मिस्सात ऐकत आलो आहोत. याकोबाच्या विहिरीपाशी थकलेला प्रभू येशू त्या स्त्रीकडे स्वतः, तोंडाने पाणी मागतो. यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता, असे तीही आश्चर्याने विचारते. (पुन्हा तोच 'असून'!) पण तेथे तिला बोलता येते, वाद घालता येतो, आणि गावात जाऊन इतरांना सांगताही येते. एवढ्या मोठ्या कादंबरीत लछमियाच्या वाट्याला यांतले काहीही येत नाही. तिचे गाव कोणते, ती वा तिचे आईबाप ख्रिस्ती कसे झाले, कुठल्या चर्चमध्ये ती प्रार्थनेला जाई, देवी आलेल्या पोराला उशाशी बसून तिने काय सांगितले, पुढे त्याच पोराने तिच्या हातचे पाणी नाकारले तेव्हा ती रडली का, यांतले काही आपल्याला कळत नाही. भारत म्हणजे काय याचा खल शेकडो पाने चालतो आणि जिच्यावरून तो सुरू झाला, तिला कुणी विचारीत नाही.

रवींद्रनाथांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांनी १९११ मध्ये रचलेल्या 'जन गण मन'चे पहिले कडवे १९५० मध्ये राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले. आपण सहसा न म्हणत असलेल्या दुसऱ्या कडव्यात इतर धर्मीयांबरोबर ख्रिस्ती माणसांचाही नावाने उल्लेख आहे. १९१६ मधील 'घरे-बाइरे' कादंबरीत आणि पुढच्या वर्षीच्या 'नॅशनॅलिझम' या व्याख्यानसंग्रहात राष्ट्रपूजेच्या धोक्याविषयी ते एकटे पडण्याची भीती न बाळगता बोलले. लछमियाला कादंबरीच्या दोन्ही टोकांना उभे करणारेही तेच. तिची कथा सांगण्याचे काम मात्र त्यांचे नव्हते. ते लछमियाच्या लेकरांचे आहे, म्हणजे आपले. मराठी ख्रिस्ती समाजाने भजने लिहिली, गोवा-वसईचे इतिहास लिहिले, आत्मकथने लिहिली. पण 'असून' या शब्दाच्या आत शिरून लिहिलेली, 'गोरा'च्या तोलाची कादंबरी आमच्या वाचनात अजून आलेली नाही. ती आपल्या तरुण लेखकांपैकी कुणीतरी लिहावी अशी आमची फार इच्छा आहे.

तोवर 'गोरा'ची अखेरची ओळ तेवढी पुन्हा पाहावी. गोराने पाणी मागितले आहे. आनंदमयीच्या डोळ्यांत अश्रू आहेत, आणि ती हळू आवाजात म्हणते की आता विनयला बोलावणे पाठवते. येथे कादंबरी संपते. लछमिया पाणी घेऊन येताना आपल्याला दिसत नाही.